बाबांकडे शिकवणी

३ फेब्रुवारी
आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमनी आज केबिनमध्ये बोलावलं. नवीन मशीन येतंय — नमुना घातला की रिपोर्ट बाहेर. बावीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून रक्तपेशी मोजल्या, ते काम संपलं! 'डेटा सायन्स शिकून घे. जूनमध्ये परीक्षा आहे. पास झालीस तर नव्या विभागात घेते.' नाही झाले तर? ते त्या बोलल्या नाहीत.

५ फेब्रुवारी
लेकीने हॉस्टेलवरून यादी पाठवली. सतरा कोर्स! खाली लिहिलंय — 'आई, यातला कुठलाही घे.' कुठलाही कसा घेऊ? त्यातलं बरंवाईट कळत असतं तर शिकायची गरजच काय होती!

९ फेब्रुवारी
एक व्हिडिओवाला कोर्स सुरू केला. शिकवणारा असा बोलतो, जणू मागे कुत्रं लागलंय. आणि दर दोन मिनिटांनी, 'हे तर तुम्हाला ठाऊकच आहे.' नाही रे राजा, नाही ठाऊक!

१४ फेब्रुवारी
व्हिडिओ सोडला. लायब्ररीतून जाडजूड पुस्तक आणलं, तिसऱ्या पानावर अडकले. संध्याकाळचा क्लास पाहायला गेले, तर सगळी लेकीच्या वयाची पोरं. एकीने विचारलं, 'काकू, कुणाला घ्यायला आलात का?' हो म्हटलं आणि बाहेर पडले.

१५ फेब्रुवारी
रडले. बस्स.

२० फेब्रुवारी
पुस्तक टेबलावर उघडं होतं. बाबा येऊन उभे राहिले. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. वर्ष झालं, मला ओळखत नाहीत. कधी नर्स समजतात, कधी घरमालकीण. जन्मभर शाळेत गणित शिकवलं त्यांनी. पानावर बोट ठेवून म्हणाले, 'असं शिकवतात होय? पोरं पळून जातील!' मग माझ्याकडे बघून — 'कितवीत आहेस तू?'
काय सांगणार! 'सर, मी नवीन आहे,' म्हटलं.
'बस.'

२२ फेब्रुवारी
शिवणाच्या डब्यातली शंभर बटणं मोजून घेतली त्यांनी. एक लाल, बाकी पांढरी. लाल म्हणजे आजारी. 'तपासणीत लाल सापडतं. पण पाच पांढरीही चुकून आजारी ठरतात. सहा जणांना चिठ्ठी गेली — त्यांत खरा आजारी किती?'
एक! सहांत एक! बावीस वर्षं असल्या चिठ्ठ्या पाठवल्या मी, त्या उरलेल्या पाच जणांचा विचार कधी मनाला शिवला नाही.
सरांनी टेबलावर थाप मारली. 'शाबास!'
शाबास. सेहेचाळिसाव्या वर्षी!

११ मार्च
ठरलं. कॉम्प्युटरवर काय कुठे दाबायचं, तेवढ्यापुरता व्हिडिओ. पुस्तक फक्त उदाहरणांसाठी. बाकी सगळं सरांकडे, रोज पाच ते सहा. शर्टाची वरची गुंडी लावून सर वेळेवर टेबलाशी हजर! कालचं काही आठवत नसतं, रोज नव्याने 'कितवीत?' पण गणित जिथल्या तिथे आहे. आईचं नाव गळालं, माझं गळालं — ते तेवढं राहिलं. गणिताचा हेवा वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

२ एप्रिल
लिहायला हात धजत नाही.
आज एक अवघड उदाहरण झटक्यात सुटलं. सर खूश झाले. म्हणाले, 'माझी मुलगी अशीच. मुलापेक्षा हुशार. कॉलेजात गणित घेते म्हणाली. मी म्हटलं, तुला झेपायचं नाही. लॅबचा छोटा कोर्स कर आणि लाग कामाला.'
'मग, सर?'
'झेपलं असतं गं. दोघांना शिकवायची ऐपत नव्हती माझी. ते कबूल करायचं सोडून पोरीलाच कमी लेखलं. भेटली की सांगणार आहे तिला.'
समोर बसले होते मी! हातभर अंतरावर! मोरीत जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले.

३ एप्रिल
पाच वाजता पुन्हा — 'कितवीत आहेस?'
कालचं पुसलं गेलं. त्यांच्याकडून.

२१ जून
पास!! मॅडम विचारत होत्या, 'कुठला कोर्स केलास गं?' म्हटलं, घरीच शिकवणी होती. कधी एकदा सरांना सांगते असं झालंय.

२२ जून
निकालाचा कागद घेऊन टेबलाशी गेले. त्यांनी मान वर केली आणि हाक मारली — 'चिमे, केव्हा आलीस?' माझं घरातलं नाव! सोळा महिन्यांनी! आता तरी ते 'झेपलं असतं' मला सांगतील म्हणून कागद पुढे केला. त्यांनी कागद वाचला. 'कुणाचा हा?' 'माझा, बाबा.' हसले. 'काहीतरीच! हा तुझा प्रांत नव्हे. चहा टाक जरा.'
चहा टाकला.
उद्या मला ओळखू नका, बाबा.