चहात बुडवलेली पांढरी साडी

अण्णा, तुमचा तो पांढऱ्या साडीचा कृष्णधवल सिनेमा आता रंगीत होणार. काल रंग भरणाऱ्या कंपनीतल्या मुलीनं फोनवर पक्कं सांगितलं आणि विचारलं, "आजी, तुम्ही कॅमेरामनची मुलगी. नायिकेची साडी शुभ्रच होती ना?" मी म्हटलं, बघून सांगते. जणू ती माझ्या कपाटात आहे.

पन्नासच्या दशकातला तो रविवार मात्र मला स्वच्छ दिसतो. अंधेरीच्या गावठाणातली आपली खोली, स्टोव्हवर मोठं पातेलं, त्यात कोरा चहा उकळतोय. दुसऱ्या दिवशी गोरेगावला शूटिंग, आणि ड्रेसवाल्यानं आणलेली साडी नको इतकी पांढरी. तुम्ही आईला समजावताय, की दिव्यांखाली असं कापड पेटल्यासारखं चकाकतं आणि त्यापुढे बाईचा चेहरा काळवंडतो. जरा मळकी केली की पडद्यावर नेमकी पांढरी दिसते. आईला हे पटलेलं नाही. तरी साडी तिच्याच हातांनी बुडते, वर येते, पुन्हा बुडते, कारण तुम्हाला अजून थोडी गडद हवी असते. अंगणात वाळत घातली तेव्हा शेजारच्या मावशींनी कुंपणावरून विचारलं, "काय गं बाय, तुमच्यात साडीचा चाय पितात?" आई म्हणाली, ह्यांनाच विचारा. तिची बोटं पुढे बरेच दिवस तपकिरी होती.

सिनेमा लागल्यावर मी वर्गात सगळ्यांना चहाची गोष्ट सांगत सुटले. ते तुमच्या कानावर गेलं. तुम्ही ओरडला नाहीत. हातातली लेन्स पुसत म्हणालात, "पडद्यावर पांढरी दिसली ना? मग ती पांढरी. पातेल्यातलं पातेल्यात राहू दे."

तेव्हापासून मी ती गोष्ट सांगणं सोडलं. आता मात्र राहून राहून वाटतं, रंगीत फिल्म हातात असती तर तुम्ही तिला कुठली साडी नेसवली असती? शुभ्र म्हणून सांगितली तर तुमचं काम जसंच्या तसं राहतं, पण आईचा तो अख्खा रविवार पुसला जातो. चहाची सांगितली, तर ज्यासाठी तुम्ही सगळा प्रकाश बेतलात तेच बिघडतं. आई असती तर म्हणाली असती, एवढं डोकं कशाला शिणवतेस, साडी कधीच फाटली.

तुम्ही हयात असता तर हे लिहिलं नसतं. तुम्ही मला अडवलं असतंत. सोमवारी ती मुलगी रंगांचे नमुने घेऊन घरी येईल. तुमचंच बरोबर होतं हे मला ठाऊक आहे, आणि तरी मी चहाच्या रंगावर बोट ठेवणार आहे.