बर्फावर, बसल्या बसल्या

७ डिसेंबर, रविवार. भुसावळ
दंड इतके भरून आलेत की पेन धरवत नाही — तरी लिहितेच! आज जळगावला स्केटिंगच्या मैदानावर मी हॉकी खेळले. बसून! जितेंद्रभाऊंनी लोखंडी सांगाड्याला चाकं लावलीत. त्यात पट्ट्यानं आवळून बसायचं, दोन्ही हातांत एकेक आखूड काठी. एका टोकानं जमीन रेटायची, दुसऱ्यानं रबरी चकती मारायची. खरा खेळ बर्फावर, चाकांऐवजी पात्यांवर.

भाऊ धुळ्याचे, फौजेत होते. बर्फातच पाय गेला. मागे बँकेत पेन्शनच्या कामाला आले होते. माझ्या काउंटरपाशी येणारे सगळे आधी कुबड्या बघतात. त्यांनी दंड बघितले, आणि खेळणार का, असं सरळ विचारलं.

१४ डिसेंबर
दोन गोल!! उलटीही पडले. कोपर सोललंय. आईपासून लपवलं.

२२ डिसेंबर
डेहराडूनच्या शिबिरासाठी माझं नाव घेतलं. तिथं छताखाली बारमाही बर्फ आहे म्हणे.

घरी सांगितलं. आई म्हणाली की या वयात हाड मोडलं तर जुळणार नाही. चौतीस म्हणजे काय म्हातारी झाले मी? जेवून हात धुताना रवींद्र म्हणाला, "ताई, मी सोबत येतो." त्याच्याशिवाय मी कुठं गेलेच नाही कधी. शाळेचा जिना, कॉलेज, बँकेची परीक्षा — माझ्याहून धाकटा, पण उचलून नेणारा नेहमी तोच. त्याच्या बायकोनं, पुनमनं, त्याच्याआधी माझ्यासाठी स्वेटर काढून ठेवला.

१७ जानेवारी. डेहराडून
बर्फ!

काय लिहू? चाकांवर रेटा दिला की फूटभर सरकायचं. इथं एका रेट्यात मी निघाले ती थांबेचना! वारा कानात. वेग म्हणजे काय ते आज कळलं. मी कधी पळालेच नाही ना. लोक पळतात तेव्हा असं वाटत असेल?

मग पंजाबची एक मुलगी येऊन आदळली आणि मी आडवी. गालाला बर्फ लागला. रवींद्र कठड्यावरून उडी मारून निघाला, घसरत, बूट घालूनच. जितेंद्रभाऊ कठड्यापलीकडूनच म्हणाले, "तिले कोनी उचलू नका. ती उठी."

सगळे थांबले. काठीच्या टोकाचे दात बर्फात रोवले, कोपर टेकलं, पुन्हा घसरले. तिसऱ्यांदा अंग झोकलं — सरळ! मान वर केली तर रवींद्र मध्येच उभा. हात पुढे केलेले तसेच. ते कुठं ठेवावेत, त्याला सुचत नव्हतं. मला हसू आलं, आणि लगेच गलबलूनही आलं.

१८ जानेवारी
सामना हरलो, चार-एक. तो एक माझा!!! चकती जाळ्यात गेली ते मला दिसलंच नाही, पंजाबवालीनं पाठीत धपाटा घातला तेव्हा कळलं.

शिबिरातल्या कोचबाई म्हणाल्या, हात चांगले आहेत, पण चाकांवर शिकून पुढं जाता येणार नाही. वर्षभर बर्फ हवा. मी मान हलवली. भुसावळला बर्फ कुठला!

१९ जानेवारी. गाडीत
रवींद्रनं पुनमला फोनवर गोल तीनदा सांगितला. दर वेळी मी आणखी लांबून मारला. फोन ठेवल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "परवा तू पडलीस तेव्हा मला भाऊंचा राग आला होता." मग डबा उघडत म्हणाला, "आता नाही."

१० एप्रिल
डेहराडून शाखेत बदली मंजूर झाली. अर्ज केल्याचं घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आईनं पहिलं हेच विचारलं, रवींद्रची नोकरी इथं, मग तिथं तुझ्यासोबत कोण राहणार?

मी काही बोलायच्या आत रवींद्रच म्हणाला, "कोणी नाही."