प्रतिमाचं औषध कुणी बंद केलं

बनी पार्क, जयपूर
९ जुलै १९८६

ती. आईंना,
सविनय जयभीम.

दिल्लीहून परत आलो. प्रतिमाचं ऑपरेशन झालं नाही. हृदयाचं भोक आहे तसंच आहे. नवा झगा घालून पोर पलंगावर बसली होती, आणि डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहून सांगितलं की अंगात लोह नाही, इतक्या फिक्या रक्तावर छाती उघडता येणार नाही. आधी रक्त सुधारून आणा.

मी काविळीनं पडले म्हणून उन्हाळाभर ती तुमच्याकडे होती. लोहाचं औषध मी सोबत दिलं होतं. प्रतिमा सांगते, आजीनं बाटली फळीवर ठेवून दिली. भिंतीची माती खाते म्हणून तुम्ही तिला मारलंत, हेही तिनंच सांगितलं. लोह कमी असलं की मुलं माती खातात, असं डॉक्टर म्हणाले. ती खोड नव्हती, आई, दुखणं होतं. मला तुमचा फार राग आला आहे. लपवून कशाला लिहू?

ती. बाबांना जयभीम.
तुमची सून,
रत्नमाला

बडनेरा
१७ जुलै १९८६

चि. सौ. रत्नमाला हीस,
द्वारकाबाईचा जयभीम व आशीर्वाद.

मी सांगते आणि तुझे सासरे लिहून राहिले आहेत. मारलं ते माझं चुकलं. पण औषध मी माझ्या मनानं बंद केलं नाही. पोरीला काळी शी व्हायला लागली, मी घाबरली. तेव्हा सुखदेव आपल्या पोरीला पाहायला दोन दिवस आला होता. त्याला सगळं सांगितलं, बाटली दाखवली. तो म्हणाला, बंद कर, मी जयपूरला डॉक्टरला विचारून कळवतो. मग टपालवाल्याची वाट पाहून माझे डोळे दुखले.

तुला त्यानं हे सांगितलं नाही? तू माझ्यावर एवढं लिहीत होतीस तेव्हा तो गप्प बसला? माझा मुलगा आहे म्हणून मी त्याला झाकणार नाही. विचार त्याला.

पोरीला माझा मुका.
द्वारकाबाई

बनी पार्क, जयपूर
४ नोव्हेंबर १९८६

ती. आईंना,
सविनय जयभीम.

प्रतिमाचं ऑपरेशन झालं. परवा आम्ही घरी आलो. छातीवर मोठा व्रण आहे, पण फाटकापर्यंत चालत जाते आणि धाप लागत नाही.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी ह्यांना विचारलं. म्हणाले, ड्यूटीच्या गडबडीत राहून गेलं. त्या औषधानं शी काळी होतेच, एवढं विचारायचं राहून गेलं. आणि दिल्लीत डॉक्टरांनी औषध चालू होतं का विचारलं, तेव्हा माझ्यादेखत हो म्हणाले. मग औषध मी माझ्या हातात घेतलं. लिंबाच्या पाण्याबरोबर द्यायची, चहानं लोह अंगी लागत नाही म्हणून चहा बंद केला. हळूहळू तिच्या ओठांना रंग आला आणि तिनं भिंत सोडली.

औषधावरून तुम्हाला बोलले ते मागे घेते. मारल्याचं मात्र तुम्हीच येऊन तिच्याशी बोला. ती तुमची वाट पाहते. ह्यांच्याशी मी कामापुरतं बोलते. राग गेलेला नाही आणि मला घाईही नाही.

कधी निघता ते कळवा. स्टेशनवर मी येईन. ह्यांना पाठवणार नाही.

तुमची,
रत्नमाला