आंदोंगचे क्वॉन, आडिवऱ्याचे आपण

र्युसेल्सहाइम,
४ एप्रिल २०२४

ती. सुधाताईस,
श्रीरंगचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवरचं बोलणं हवेत विरतं म्हणून तू पत्राचा हट्ट धरतेस आणि मग माझ्या अक्षराला हसतेस. असो.

बातमी अशी की आपल्या उर्जाने मुलगा पसंत केलाय. नाव जेहून, कोरियाचा. इथे जर्मनीतच, येना शहरात, तिच्याच प्रयोगशाळेत भिंगांवर पीएचडी करतो. मुलगा गुणी आहे, नंदाची थालीपीठं माझ्या दुप्पट खातो. पण त्याच्या वडिलांचा होकार अजून आलेला नाही. नकारही नाही, नुसते गप्प आहेत. पुढच्या महिन्यात ते सपत्नीक येनाला येतायत, आम्हीही जाणार. त्यांचं मन मोडून लग्न करायचं नाही, असं पोरांनी ठरवलंय.

उर्जाने मला एकच कोरियन वाक्य शिकवलंय. वडीलधाऱ्यांना आदराने नाव विचारायचं ते: ‘सोंगहामी ओत्तोके त्वेसेयो?’ आपण ‘आपलं शुभनाव?’ म्हणतो ना, तसं. म्हणताना किंचित वाकायचं. रोज दाढी करताना मी आरशातल्या माणसाला अदबीने नाव विचारतो. सक्त ताकीद आहे की नाव कळलं की गप्प बसायचं. आडनाव, मूळ गाव, कुलदैवत, काही म्हणजे काही विचारायचं नाही. असले प्रश्न म्हणजे पोलिसी चौकशी वाटते, असं पोरगी मला जर्मनमध्ये बजावते.

लोभ आहेच, या महिन्यात तो जरा जास्त लागेल.
तुझा,
श्रीरंग

मिरज,
१९ एप्रिल

चि. श्रीरंगास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी देवापुढे साखर ठेवली, मग पोटभर हसले. गप्प बसायचं, आणि तू? नंदाला बघायला गेलो तेव्हा पोहे यायच्या आत तू तिच्या वडिलांना मूळ गाव, आजोळ आणि कुलदेवीच्या देवळाचा रस्तासुद्धा विचारून घेतला होतास. मुलगी बघायची राहिलीच होती.

या खेपेस मात्र उर्जाचं ऐक. लेकीच्या सुखाचा प्रश्न आहे, जिभेला जरा आवर. आणि गप्प माणूस रागावलेलाच असतो असं नाही रे. कधीकधी त्याला कसली तरी काळजी असते आणि ती सांगता येत नाही. नंदाला म्हणावं, भरपूर जेवू घाल, परमुलखात आधी पोट शांत हवं.

माया वाढावी असं लिहीत नाही, ती न सांगता वाढतेच आहे.
ताई

येना,
५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काम फत्ते! पण चूक माझ्या हातून झालीच.

काल उर्जाच्या घरी जेवायला बसलो. इथे सध्या श्पार्गेलचा मोसम आहे, पांढऱ्या शतावरीचे कोंब. नंदाने त्यांना हिंग-मोहरीची फोडणी दिली होती. जेहूनचे वडील ताठ बसलेले. त्याची आई हसतमुख, पण भाषेची अडचण. मी वाकून वाक्य म्हटलं, बिनचूक! त्यांनीही वाकून सांगितलं, क्वॉन यंगसू. तिथे थांबायला हवं होतं. पण ताई, जित्याची खोड! मूळचे कुठले, असं मी जर्मनमध्ये विचारूनही बसलो. उर्जाने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ हाणली. जेहूनला बिचाऱ्याला वडीलधाऱ्यांचा प्रश्न गाळता येईना, त्याने कसंबसं भाषांतर केलं.

क्वॉनसाहेबांनी काटा खाली ठेवला आणि उलट विचारलं, की राहतो ते गाव, का घराण्याचं? माझे कान टवकारले. त्यांच्यात प्रत्येक घराण्याला मूळ गाव असतं! ते आंदोंगचे क्वॉन. जन्म गेला बुसानमध्ये, पण मूळ आंदोंग. मी म्हटलं, वाढलो मिरजेत, पण आम्ही आडिवऱ्याचे, महाकाली आमची कुलदेवी. मग काय, आमची जी गाडी सुटली! एकाच आडनावाच्या आणि एकाच मूळ गावच्या मुलामुलींची लग्नं त्यांच्यात पूर्वी होत नसत. मीही त्यांना गोत्र समजावलं. भाषांतर करून जेहून घामाघूम झाला.

श्रीखंड वाढलं तेव्हा ते मोकळे झाले. म्हणाले, परदेशी सुनेची भीती त्यांना कधीच नव्हती. भीती ही होती, की इतक्या लांब आपला मुलगा कुणाचा कोण, हे विचारणारंही कुणी नसेल आणि नातवंडांना आंदोंग ठाऊकच नसेल. मग त्यांनी उर्जालाच विचारलं, की ती मूळची कुठली. मला वाटलं, आता र्युसेल्सहाइम म्हणणार, जन्मभर तेच सांगत आलीय. ती आडिवरे म्हणाली. वर आंदोंग कधी दाखवणार, असंही त्यांना विचारलं. माझे डोळे भरून आले, मी लपवले नाहीत.

क्वॉनसाहेबांनी जरा विचार केला आणि गंभीर चेहऱ्याने निकाल दिला, की आंदोंग आणि आडिवरे सगोत्र नाहीत, तेव्हा लग्नाला हरकत दिसत नाही.

तुझ्या लोभात आता थोडी जागा कर, माणसं वाढतायत.
श्रीरंग

मिरज,
२१ मे

चि. श्रीरंगास आशीर्वाद, उर्जा-जेहूनना पोतंभर.

शाबास! पण पत्र उलटंसुलटं वाचलं, त्यात व्याह्यांचं नाव आहे, गाव आहे, देवीसुद्धा आहे. विहीणबाईंचं नाव कुठाय? काल फोनवर विचारलं तर तू अरेच्चा म्हणालास. नंदा म्हणे, ती त्यांना जेहूनची आईच म्हणते.

मग मी तुझ्या पत्रातलं वाक्य पाठ केलं आणि उर्जाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. विहीणबाई समोर आल्या, मी वाकून विचारलं. त्या आधी दचकल्या, मग खुदकन हसल्या. त्यांचं नाव हान मिग्योंग. लग्नानंतरही माहेरचंच आडनाव चालतं त्यांच्यात. मूळ गाव चोंगजू, तेही पोरांकरवी विचारून घेतलं, शेवटी बहीण तुझीच. मग त्यांनी तस्संच वाकून मला विचारलं. मी म्हटलं, सुधा. त्यांनी ते दोन-तीनदा म्हणून बघितलं.

नंतर जेहून म्हणाला, आई सांगत होती की येनाला सगळ्यांनी मायेने जेवू घातलं, नाव मात्र या मिरजेच्या बाईंनीच विचारलं.

या वयात पहिल्यांदाच पासपोर्टला अर्ज केलाय. लग्न हे निमित्त, मला मिग्योंगताईंना भेटायचंय.

तुम्हा सगळ्यांच्या लोभातली वाटेकरीण,
ताई