रेणूच्या हातचं काम

सानगडी, ५ जानेवारी २०२५

चि. रेणूले आजीचा पोटभर आशीर्वाद. वि. वि. की,

फोनवर तुहा बाप भय्याजी कान लावून बसते, म्हणून लिहून राहिली. तो म्हणते, पोरगी प्लास्टिकवर कलम बांधून राहिली, एकही धरत नाही. आता तुमसरच्या देवकाबाईचा पोरगा तिच्यासाठी पक्का करतो अन् तिले नागपूरच्या कॉलेजातून घरी आणतो, म्हणते. त्या लोकायले पोरीच्या हातचं काम पाहाचं आहे. तुहा तं भरतकामाचा एक रुमालही घरी नाही. काहीतरी पाठव. आंब्याचं कलम आपण सावलीत ठेवतो, तू दिव्याखाली कायले ठेवतं? जळत असन बाई ते. धानाच्या बांधीत लाखोळीचं पीक मस्त आलं.

आहे तेवढी माया ठेवजो.
आजी

नागपूर, १४ जानेवारी

ती. आजीस रेणूचा वाकून नमस्कार. वि. वि.

आजी, कलम धरलं! प्लास्टिकच्या पट्टीवर पाणी धरून ठेवणाऱ्या रसायनाचा थर पक्का जोडला गेला. चूक दिव्याची नव्हती, पट्टी कशात बुडवली त्याची होती. मेथॅनॉलमध्ये काही होईना. अ‍ॅसिटोन मिसळलेल्या पाण्यात धरलं. अ‍ॅसिटोन स्वतःच दिव्याचा उजेड पितं आणि कलमाला सुरुवात करून देतं. प्रयोगशाळेतले सर म्हणाले, काम पुढे चालू ठेव. पण बाबा ऐकतील का? दोन पट्ट्या पाठवतेय. साध्या पट्टीवर पाण्याचा थेंब गोळी होऊन घरंगळतो, कलमाच्या पट्टीवर पसरून बसतो. रुमालाला वेळ नाही गं. बाबांना थांबव.

तुझ्याच भरवशावर,
रेणू

सानगडी, २७ जानेवारी

चि. रेणूले आशीर्वाद. वि. वि. की,

तुमसरची मंडळी येऊन गेली. देवकाबाईनं पोरीचं काम मागितलं. मी हळदीकुंकवाच्या ताटात तुह्या पट्ट्या ठेवल्या. बाई उलटून पाहे, म्हणे टाके कुठं आहेत. मी म्हटलं, टाके नाही, कलम आहे, अन् चमच्यानं पाणी सोडलं. समजावताना मले अ‍ॅसिटोनशिवाय काही आठवेना. तुह्या काकाची पोरगी कामिनी मधातच बोलली, की नखाचा रंग त्यानंच पुसतात. झालं. पोरगी पार्लरात आहे का, असं विचारून ते पोहे अर्धे टाकून गेले. मले लय वाईट वाटलं. उरलेले पोहे मीच खाल्ले.

भय्याजी रागानं ताटाजवळ बसला. मंग त्यानं स्वतः एक थेंब सोडला. मंग दुसरा. मंग शेजारच्या गोमाजीले बोलावून दाखवला. आज तुमसरहून निरोप आला, की शिक्षण सोडलं तं पोरगी चालन. तुह्या बापानं कळवलं, की पोरगी कामात आहे, सवड नाही.

पट्ट्या त्याच्या खिशात राहतात. मले पाहाच्या असल्या तं मागाव्या लागतात.

माया पातळ होऊ देऊ नको.
आजी