सुमनच्या वहीतलं उद्दिष्ट

रविवार, दिवेलागणीला

आज लई चुकलं माझं. माझी पोरगी सुमन नर्सिंगचं वरचं शिक्षण घेतीय, एमेस्सी. शिकून काय काय यायला पायजे, ती उद्दिष्टं वहीत लिहीत बसली होती. तेर गावाहून जाऊबाई आलेल्या. त्यांच्यासमोरच म्या म्हणलं, "किती बायकांच्या ऑपरेशनचं उद्दिष्ट दिलंय गं तुला?" आमच्याकडं उद्दिष्ट म्हंजी तेच. सिस्टर आकडा भरायला बायका मूल बंद करायच्या ऑपरेशनला गाडीत घालून न्यायची.

"सुना लपवाव्या लागतील बाई आता!" जाऊबाई हसल्या. मीबी हसले. का हसले? सुमननं वही मिटली.

त्या गेल्यावर तिनं वही पुढं केली. बारीक अक्षर डोळ्याजवळ धरून म्या वाचलं. 'बाई नको म्हणाली तर थांबणं, तिचं सगळं ऐकून घेणं.'

"हे कुठनं आणलंस?"

"तूच सांगितलं होतंस, आई. तुला नेलं तेव्हा तू नको नको म्हणत होतीस. कुणी ऐकलं नाही."

कधी सांगितलं, मला आठवंना. पोरीनं ध्यानात ठेवलं, अन् मी तिलाच त्या गाडीवाल्या सिस्टरच्या पंगतीला बसवून हसले.

चुकलं म्हणायला गेले, तर तोंडातनं निघालं, "अक्षर जरा मोठं काढत जा."