लिफ्टमधली गर्दी

मंगळवार, दिवेलागण

चपला अजून ओल्याच आहेत.

चौकातल्या नव्या सात मजली हॉटेलात पोरीच्या साखरपुड्यासाठी हॉल बघायला गेले होते. लिफ्टमध्ये पाय ठेवला अन् वजन जास्त झाल्याची घंटा वाजायला लागली. आत मी एकटीच! बाहेर आले, तशी घंटा बंद. दार लागलं, लिफ्ट रिकामीच वर गेली. रिकामी म्हणू का?

मॅनेजर हसला. "नवी मशीन आहे, मॅडम. असंच करून राहिली."

असेल. पण लिफ्ट बसवलीय बराबर आमच्या गल्लीच्या जुन्या विहिरीवर. विहीर बुजवली तेव्हा सासूबाई केवढ्या भांडल्या होत्या, आतल्या साती आसरांनी, पाण्यातल्या त्या सात देवींनी, जायचं कुठं म्हणून. अन् फरशी तर कोरडी होती. मग चपला?

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, "बाजूला झालीस ना? त्यांचं पानी भरून होईस्तोवर थांबावं, बाई."

बाजूला झाले होते. दार लागेपर्यंत भिंतीला चिकटून उभी होते, कुणाच्या घागरीला धक्का लागू नये म्हणून.